खाकरायचं नाही

स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजला. आशालता स्वयंपाकघरात खाली बसून वाल सोलत होती. मोड आलेल्या वालाचं साल दोन बोटांत दाबलं की आतलं बिरडं सुळकन निसटून परातीत पडतं, टप् करून, आणि एकदा का हाताला ती लय सापडली की डोकं मोकळं सुटतं. तिचंही असंच कुठेतरी गेलं होतं. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणी भांडी आवरत असेल, असं तिला वाटलं. चमचा पुन्हा वाजला, या खेपेला जरा जोरात, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हे आपल्यासाठी आहे. बाहेरच्या खोलीत पलंगावर बसलेला तिचा नवरा तिला बोलावत होता. पेल्यावर चमचा आपटून. हॉटेलातलं गिऱ्हाईक वेटरला बोलावतं तसं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती उठली नाही असं नाही. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उठतात. पण उठताना परातीला धक्का लागला, मूठभर बिरडं फरशीवर सांडलं, आणि एरवी दाणा न् दाणा वेचणारी ही बाई ते तसंच पायाखाली तुडवत बाहेर गेली.

“पानी संपला,” श्रीरंग म्हणाला. त्याने रिकामा पेला तिच्यापुढे धरला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपण काही वावगं केलं आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. “चमचा कशाला वाजवता?” तिने विचारलं. “मंग काय करू? खाकरायचा नाय, असा सांगलाय ना त्या व्यायामवाल्या पोरीने.” “मग हाक मारा.” “कसली हाक?” “नावाने मारा. मना नाव हाय.” श्रीरंगने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू या वयात तिने त्याला गॅलरीत उभं राहून नाचायला सांगितलं होतं. मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाले एकमेकांना शिव्या देत होते. त्याच्या घशात तेवढ्यात गुदगुल आली असावी, कारण त्याचा हात मांडीवर उलगडला, गळ्याची शीर टरारली, आणि तो गिळू लागला. पाणी नव्हतं, म्हणून थुंकीच गिळत राहिला. तिने धावत जाऊन पेला भरून आणला. बोलणं तिथेच राहिलं.

पण राहिलं म्हणजे तिच्या मनातून गेलं नाही. ती पुन्हा परातीपाशी येऊन बसली, सांडलेले दाणे आता एकेक करून वेचू लागली, आणि तिला गास गावातलं सासरचं घर दिसायला लागलं. कौलारू घर, मागे वांग्या-मिरचीची वाडी, त्यापलीकडे भाताची खाचरं, आणि खाडीचा खारट वारा. घरात सासू-सासरे, दोन दीर, त्यांच्या बायका, पोरं, सकाळपासून घोंगावणारी नुसती माणसं. तिथे कोण कुणाच्या बायकोला नावाने हाक मारील! श्रीरंग शेतावरून यायचा, ओटीच्या पायरीशी उभा राहायचा आणि दोनदा खाकरायचा. दोन आखूड, कोरडे आवाज, दुसरा पहिल्यापेक्षा जरा खालचा. घरातले सगळे पुरुष खाकरूनच आत येत, बायकांनी पदर सावरावा म्हणून. पण त्यातलं त्याचं कुठलं ते तिला चुलीच्या धुरातसुद्धा ओळखू यायचं. “आले,” ती म्हणायची, आणि जायची. कधी पाणी, कधी टॉवेल, कधी काहीच नाही, नुसतं एकदा बघायचं असायचं. सासू म्हणायची, “जा, तुझा कोंबडा आरवला,” आणि जावा पदर तोंडाला लावून हसायच्या. तिला त्या हसण्याचा राग येत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्या दोन आवाजांनी तिच्या पोटात जे काही व्हायचं, ते पुढे एवढं आयुष्य गेलं तरी तिने कुणाला सांगितलं नाही.

नाव त्यानेच दिलं होतं, ही त्यातली मौज. माहेरी ती बायजा. पणजीचं नाव, जुनाट, चिखलात पाय असल्यासारखं. लग्नात तांदळाच्या ताटात त्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, हळूहळू, अक्षरं वळवत, आणि भटजींनी ते मोठ्याने वाचलं: आशालता. मांडवातल्या बायकांत खसफस झाली, कारण असं नाव त्यांच्या गावात कुणाचंच नव्हतं. त्याने ते कुठून आणलं, सिनेमातून की शाळेतल्या कुठल्या बाईंवरून, हे तिने कधी विचारलं नाही. मग सगळे त्याच्या मागे लागले, नाव घे, नाव घे. तिने त्याचं नाव घेतलं होतं, यमकात बसवून, धीट आवाजात. आता त्याची पाळी. तो लाल झाला, त्याने तोंड उघडलं, आणि खाकरला. दोनदा. मांडव हसून हसून लोळला. तिथून जे सुरू झालं ते हे. दिलं तेवढं छान नाव, आणि पुन्हा तोंडाने घेतलं नाही; एखादं भरजरी लुगडं आणून द्यावं आणि नेसू मात्र देऊ नये तसं. आता जितेश आई म्हणतो, सून ऋतिका आई म्हणते, बँकेतली पोरगी मॅडम म्हणते, बिल्डिंगमधल्या बायका जितेशची आई म्हणतात, आणि माहेरी अजून सगळ्यांची बायजाच. आशालता फक्त रेशनकार्डावर.

खोकला आला तो कामणहून. शेतीत भागेना म्हणून श्रीरंग कामणच्या पुढे डोंगरात खडीच्या मशीनवर लागला, वजनकाट्यावर. दगड फोडायचं काम त्याचं नव्हतं. तो खिडकीआड बसून ट्रक मोजायचा, आणि त्या बसण्यानेच त्याचा घात केला, कारण खिडकी मशीनच्या तोंडासमोर होती. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. पोरगा म्हणायचा, बाबा म्हातारे झाले, आणि तो पाण्याने तोंड धुऊन पुन्हा तरुण व्हायचा. दोघांचा खेळच होता तो. त्या पैशावर माणिकपूरचा फ्लॅट झाला, जितेश शिकला. आणि एके दिवशी ओटीवरचं ते खाकरणं, जे फ्लॅटमध्ये येऊन बेडरूममधून किचनकडे यायला लागलं होतं, ते दोनवर थांबेना. तीन झालं, पाच झालं, मग ती एक अखंड कोरडी खरवड झाली. कफ नाही, रक्त नाही, नुसता खोकला. लोकांना वाटायचं टीबी. थुंकी तपासून झाली, पुन्हा तपासून झाली, टीबी नव्हता. फोटोत फुफ्फुसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. “दगड बसलाय आत,” डॉक्टर म्हणाले, “तो काही निघायचा नाही.” जितेशच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा श्रीरंग हॉलच्या बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, खांबाला धरून खोकत होता. आत येऊन त्याने अक्षता टाकल्या, त्या सगळ्यांत शेवटच्या. एकदा खोकता खोकता बरगडी मोडली. एकदा डोळ्यांपुढे अंधार येऊन तो बाथरूमच्या दारात कोसळला. धोतराला नाही तर पायजम्याला ओल लागायची आणि तो ती तिच्यापासून लपवायचा, जसं काही कपडे धुणारी दुसरी कुणी होती.

आणि या सगळ्यात तिचं काय झालं होतं, तर ती बोलावणं विसरली होती. आधी ती प्रत्येक खोकल्याला उठायची, कारण त्यातला आजाराचा कुठला आणि आपला कुठला हे कळायला मार्ग नव्हता. हातातलं टाकून धावायची, पाठ चोळायची, आणि तो मान हलवायचा, नाही, काही नको. असं रात्रंदिवस. मग कधीतरी तिने ठरवलं, की सगळेच आजाराचे. बरं झालं, सोपं झालं, असंही वाटलं. खोकल्याची औषधं एकामागून एक झाली. एकाने तो दिवसभर पेंगायचा, दुसऱ्याने पोट बांधून यायचं, आणि खोकला आपला जिथल्या तिथे. शेवटी डॉक्टरांनी बाटल्या बंद केल्या आणि म्हणाले, “आता औषध नाही, अभ्यास.” आणि रेजिनाचा नंबर दिला.

रेजिना माणिकपूरचीच, चर्चमागच्या गल्लीतली. मुंबईच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी करायची आणि शनिवारी गावातले पेशंट घरी जाऊन बघायची. एवढीशी पोर, पण बसली की खुर्ची तिची व्हायची. “काका, खोकला येतो ना, त्याच्या जरा आधी काहीतरी होतं. काय होतं?” श्रीरंगने विचार केला. त्याला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “गुदगुल होते,” तो म्हणाला. “इथं. मुंगी चालल्यासारखी.” “हां, ती मुंगी पकडायची. ती चालली की लगेच घोट. पाणी नसलं तर थुंकी गिळा, खडीसाखर चघळा. मग नाकाने हळूच श्वास, आणि ओठांचा चंबू करून सोडायचा, गरम चहावर फुंकर मारतो ना, तसा. मुंगी जाते. गेली नाही तर परत.” मग तिने बोट उगारलं. “आणि घसा साफ करायचा नाही. खाकरायचं नाही. बिलकुल नाही. खाकरलं की घसा अजून सोलतो, सोललेल्या घशाला अजून गुदगुल्या होतात. सगळ्यांत वाईट सवय ती.” आशालता दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला वाटलं, सांगावं, की अगं पोरी, तो त्याने मला बोलावतो. पण असं काही सांगतात का, तेही परक्या पोरीला? तिने बिस्किटं पुढे केली. रेजिनाने तिलाही सोडलं नाही. “काकी, तुम्ही फोडणी देताना दार लावा. उदबत्ती बंद. आणि काका खोकले की धावत जायचं नाही. तुम्ही धावलात की ते घाबरतात, घाबरले की अजून खोकतात. त्यांचं त्यांना करू दे.”

श्रीरंगने ते काम वजनकाट्यासारखं हातात घेतलं. काट्यावर असताना त्याने एक ट्रक कधी खोट्या वजनाने सोडला नव्हता, आता एक खोकला सोडणार नव्हता. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. डोळ्यांत पाणी यायचं, मानेच्या दोऱ्या ताणायच्या, सगळा माणूस आतून हलायचा, आणि वर काही नाही. एक घोट. एक फुंकर. ती दारातून बघत राहायची, उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी, आणि ते खाली बसायचं. दिवाळीपर्यंत घर शांत झालं. ऋतिका म्हणाली, “बाबा, ग्रेट! आता आपण सगळे मिळून पिक्चरला जाऊ.” जितेश बाहेर जाऊन पेढे घेऊन आला. आशालताने देवापुढे हात जोडले, उदबत्तीशिवाय. रेजिनाने श्रीरंगच्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं, फुफ्फुसं आहेत तशीच आहेत हं काका, पण घसा तुमचा झाला. सगळे खूश होते, आणि तीही होती, हे कुणाला खोटं वाटायला नको.

फक्त घरात तो कुठे आहे, हे तिला कळेनासं झालं. मुलगा-सून आठाच्या आत बाहेर पडायचे, आणि मग दोघांच्या त्या तीन खोल्यांत असा सन्नाटा पसरायचा की भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा तिला राग यायचा. पूर्वी खोकल्यावरून तिला माहीत असायचं: आता गॅलरीत आहे, आता मोरीत गेला, आता चिडलाय, आता पेपर संपला. आता बेडरूममध्ये पाऊल टाकावं तर तो अंधारात पलंगाच्या कडेला बसलेला, तोंड मिटून, आणि ती दचकायची. आपल्याच घरात कुणी लपून बसलं आहे असं वाटायचं. ती कामं सोडून उगाच डोकावून यायला लागली. आणि तो तिला बोलावतही नव्हता. पाणी हवं असलं तर भिंतीला धरून स्वतः उठून यायचा, दोन पावलांत धापा टाकत. मग त्याने तो पेला शोधून काढला. सकाळी ऋतिका आतून ओरडायची, “जितू, माझी चावी!” आणि जितेश मोरीतून, “ऋतिका, टॉवेल!” नावं कशी घरभर फेकायची पोरं, झेललं तर झेललं. पूर्वी तिला ते उर्मट वाटायचं. आता ती ऐकत उभी राहायची. तिने स्वतः तरी त्याचं नाव कुठे घेतलं होतं त्या मांडवानंतर? पण तिच्याकडे ‘अहो’ होतं. त्याच्याकडे खाकरणं होतं, ते गेलं होतं, आणि त्या जागी काहीतरी यायला हवं होतं. पेला नव्हे. तिने कधी काही मागितलं नव्हतं त्याच्याकडे, दागिना नाही, सहल नाही. एवढंच मागायचं तिने मनाशी पक्कं केलं.

त्याने प्रयत्न केला नाही असं म्हणवत नाही. एकदा ती भाजी निवडत असताना तो दारात येऊन उभा राहिला, ओठ उघडले, तिने वर पाहिलं नाही मुद्दामच, आणि तो तसाच परत गेला. दुसऱ्यांदा ‘आ’ असा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ तो गिळू लागला. घशातली मुंगी होती की नाव, कोण जाणे. पेला मात्र वाजत राहिला, आणि ती वाजल्यावर जात राहिली, पण रोज जरा उशिरा. एकदा तर ती म्हणाली, “मी काय शाळेची घंटा ऐकून येते काय? नाय यायची यापुढे.” तो हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. ती गंमत नव्हती.

आणि मग ती दुपार. पुन्हा वालच होते, कारण जितेशला बिरड्याची उसळ आवडते. जेवणं झाली होती, श्रीरंग बेडरूममध्ये आडवा झाला होता. परात मांडीशी घेऊन ती सोलत होती, टप्, टप्. चमचा वाजला. तिने हात थांबवला नाही. पुन्हा वाजला, घाईने, नीट न लागता, आणि पाठोपाठ पेला खाली पडून गडगडल्याचा आवाज आला. पाडला, ती मनात म्हणाली, रागाने पाडला. पाडू दे. आणि तेव्हा ते आलं. इतक्या महिन्यांनी. दोन आखूड, कोरडे आवाज, दुसरा पहिल्यापेक्षा जरा खालचा. आजाराचा नव्हता तो, तिला पुरतं ठाऊक होतं. हा ओटीच्या पायरीवरचा होता. तिच्या पोटात जे व्हायचं ते झालं, ‘आले’ ओठांपर्यंत आलं, गुडघे वर उठले, आणि तिने त्यांना खाली बसवलं. तिला रेजिनाचं बोट आठवलं, धावायचं नाही, आणि त्या बोटाचा तिला आधार वाटला. पण खरं कारण ते नव्हतं आणि हेही तिला ठाऊक होतं. खाकरायला येतं, तर नावही घेता येईल. आज घ्यायचंच. ती हट्टाने सोलत राहिली, जरा जोरजोरातच, म्हणजे आपण इथेच आहोत आणि येत नाही हे त्याला कळावं. टप्, टप्, टप्. आतून काही आलं नाही. परातीचा तळ झाकला गेला. साल जमिनीवर साठलं. ती वाट पाहत होती, आणि खरं सांगायचं तर त्या वाट पाहण्यात तिला सुख होतं. कुणीतरी आत आपलं नाव जुळवतंय असं वाटत होतं.

शेवटी ती उठून आत गेली तेव्हा तो पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत खाली बसलेला होता, पाठ गादीला, तोंड उघडं, ओठ जांभळे, आणि छातीची एकच बाजू हलत होती. डोळे दाराकडे लागलेले. फुफ्फुसाला बारीक भोक पडून हवा बाहेर छातीत कोंडली होती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दगडाच्या धुळीच्या आजारात होतं असं, कुणाचा इलाज नसतो. खालच्या नाक्यावरच्या दोन रिक्षावाल्यांनी त्याला खुर्चीतून उतरवलं. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, “पेशंटचं नाव?” आणि ती अडखळली. अशा वेळीसुद्धा. मग ती ओरडली, “श्रीरंग!” आणि त्या माणसाला ऐकू गेलं होतं तरी पुन्हा ओरडली. स्ट्रेचरवरचं डोकं तिच्या बाजूला वळलं. संध्याकाळी जितेश ऑफिसमधून धावत आला. त्याच्या बापाच्या बरगड्यांत नळी घातलेली होती. “आई, बाबांनी हाक नाही मारली तुला?” त्याने विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “हाक नाही मारली.” शब्दाला शब्द खरं होतं ते, आणि असं खरं बोलल्याबद्दल जीभ झडावी असं तिला वाटलं.

तो घरी आला तो ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट. पलंगाशेजारी ते उंच काळं नळकांडं, नाकात नळी, आणि पाण्याच्या बाटलीत सतत चाललेली बुडबुड. पहिल्याच सकाळी, मुलगा-सून बाहेर पडल्यावर, ती चहा ठेवायला आत गेली आणि मागून आवाज आला, “आशालता.” तिला वाटलं, बाहेर कुणी आलंय. आवाज ओळखीचा नव्हता; बारीक, फाटका, दोन ठिकाणी तुटलेला. पुन्हा आला. “आशा... लता.” ती चहा सोडून दारात गेली. त्याला काही नको होतं. त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. आणि त्या दिवसापासून तो थांबलाच नाही. पाण्यासाठी नाव, उशीसाठी नाव, काही नको असलं तरीही नाव. प्रत्येक वेळी त्याला ते ओझ्यासारखं उचलावं लागायचं. आधी दम जमवायचा, मग ‘आशा’, मग पुन्हा दम, मग ‘लता’, आणि नंतर कितीतरी वेळ खांदे वर-खाली होत राहायचे. बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्रावरचा आकडा खाली यायचा. रेजिना आली तेव्हा तिने ते पाहिलं. “काका, बोलणं कमी हं. श्वास साठवायचा. काकी, साधा उपाय सांगू? एक पेला-चमचा ठेवा ना त्यांच्या हाताशी. वाजवतील.” आशालताने पेला आणून ठेवला. तो काठावरून चेपला होता, त्या दिवशी पडलेला. श्रीरंगने तो उलट्या हाताने दूर सारला.

रेजिना गेल्यावर तिने त्याच्या पायाशी बसून हात जोडले. “नका घेऊ नाव. वाजवा. माझं चुकलं.” तो वर पंख्याकडे बघत होता. बाटलीत बुडबुडे येत होते. मग तो म्हणाला, “परातीत... बिरडं... पडत होता.” तिचे जोडलेले हात खाली आले. “आवाज... येत होता,” तो म्हणाला. रागही नाही, डोळ्यांत पाणीही नाही, कामणच्या काट्यावर वजन सांगावं तसं सांगितलं आणि डोळे मिटले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “आशा... लता.” तिने मागितलं होतं म्हणून तो देत होता, की तिने मागितलं होतं म्हणून शिक्षेसारखं तिच्या पदरात घालत होता, हे तिला कळेना. रात्री पडल्या पडल्या ती दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दोन्ही बाजू पटायच्या. एवढं कळत होतं, की त्याच्याकडे उरलेले श्वास मोजकेच आहेत आणि ते तो तिच्या नावावर खर्च करतो आहे. जगात कुठल्याच बाईचं नाव एवढं महाग नसेल. ते आखूड तरी असायला हवं होतं, तिला वाटायचं. बायजा असतं तर एका श्वासात झालं असतं.

मग तिने नवी युक्ती काढली, की त्याला हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. ती त्याच्यापाशीच बसून राहायला लागली. भाजी तिथे, तांदूळ निवडणं तिथे. पण घर आहे, कुकर असतो, मोरी असते, दाराची बेल असते. ती नजरेआड झाली की आतून दम जमवल्याचा आवाज यायचा, आणि तो पुरा व्हायच्या आत ती धावत परत यायची. कधी वेळेवर पोचायची, ‘आशा’वरच. कधी नाही.

एका दुपारी ती त्याच्यासाठी पेज घेऊन येत होती. दोन्ही हातांत वाडगा, गरम, वरून सांडायला आलेला, म्हणून पावलं हळू पडत होती. आणि आत तिला तो आवाज ऐकू आला, श्वास गोळा केल्याचा. आता तो नाव उचलणार. ती अजून पॅसेजमध्येच होती. तोंडाने काही बोलावं तर काय बोलावं, ‘आले’ म्हणावं तर त्याने अजून बोलावलंही नव्हतं. तिला फक्त त्याला थांबवायचं होतं, मी इथे आहे, खर्च करू नका. आणि तिच्या घशातून ते आपोआप निघालं. ती खाकरली. दोनदा. दुसरं पहिल्यापेक्षा जरा खालचं. पुरुषाने ओटीवर उभं राहून करावं तसं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच.

आतला श्वास थांबला. बाटलीतली बुडबुड तेवढी चालू राहिली. तिला वाटलं, साधलं. वाडगा सावरत तिने पुढचं पाऊल टाकलं.

“आलो,” श्रीरंग म्हणाला.

एका श्वासात म्हणाला, पुरता, कुठे न तुटता. तिने नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर उशीर झाला होता. पलंग करकरला. नाकातली नळी ताणली गेली, सिलिंडर जरासा घासला, आणि मग फरशीवर, आधी एक आणि मग दुसरा, त्याचे पाय चपला शोधू लागले.